कोबाल्टचे दोन हात

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले गेले तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं कॉम्प्लेक्स शंभर वर्षांहून जुनं होतं. मध्ये कोबाल्टचा एक आयन, त्याच्याभोवती इथिलीनडायअमीनचे तीन रेणू आणि प्रत्येक रेणूनं आपल्या दोन टोकांच्या दोन नायट्रोजननी धातूला धरलेलं. एकूण सहा नायट्रोजन, आयनवर तीन धन भार. वर्गातल्या बाकीच्यांना नवे शिफ बेस (धातूला धरणारे एका प्रकारचे सेंद्रिय रेणू) मिळाले होते, कुणाला निकेल, कुणाला व्हॅनेडियम, आणि सगळ्यांच्या विषयात 'नवीन' हा शब्द होता. मॅडम मला म्हणाल्या, "तुझं कॉम्प्लेक्स जगभर लोकांनी केलंय. तू ते असं कर, की एक्स-रेला पाठवायच्या आधी त्याची रचना तू मला पुराव्यानिशी सांगू शकशील."

त्या एका अटीमुळे हे काम माझ्यासाठी मोठं झालं. आज बहुतेक लॅबमध्ये स्फटिक मिळाला की तो थेट डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे एक्स-रे पाडून अणूंच्या जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, जातो आणि चित्र हातात आलं की बाकीची मोजमापं प्रबंधातल्या तक्त्यापुरती उरतात. ज्यांनी ही रचना मुळात शोधली त्यांच्याकडे चित्र नव्हतंच. त्यांनी ती कशावरून ओळखली, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बाटलीतल्या नारिंगी पुडीवरून स्वतः पायरी-पायरीनं तिथं पोचणं वेगळं.

इथिलीनडायअमीनची बाटली फ्यूम हूडमध्येच उघडायची. अमोनियासारखा उग्र वास, हवेत आलं की धूर, आणि बाटलीच्या तोंडाशी कायम पांढरी खपली. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं, त्याची ती खपली. त्वचेला लागलं तर काहींना ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे सक्तीचे. आमच्या लॅबमध्ये त्याला सगळे नुसतं 'ईएन' म्हणतात.

पहिली बॅच क्लोराइडची. कोबाल्ट क्लोराइड पाण्यात विरघळवलं की गुलाबी द्रावण होतं. तिथं कोबाल्टवर दोनच धन भार असतात आणि भोवती पाण्याचे सहा रेणू. त्यात हायड्रोक्लोरिक आम्लानं थोडं उदासीन केलेलं ईएन घातलं की रंग लगेच गढूळ तपकिरी होतो. मग त्यातून हवेचे बुडबुडे सोडायचे, तासन् तास. यासाठी आमच्याकडे माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप होता आणि तो उत्तम चालतो. हळूहळू द्रावण गडद नारिंगी-तपकिरी होत जातं. या वेळात दोन गोष्टी घडत असतात. हवेतला ऑक्सिजन कोबाल्टचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि स्वतः पाणी होतो. पाणी व्हायला त्याला प्रोटॉन लागतात, म्हणून सुरुवातीला आम्ल घातलेलं असतं. प्रत्येक कोबाल्टमागे एक प्रोटॉन, असा सरळ हिशेब आहे. आम्ल न घालता हेच केलं तर द्रावण अल्कधर्मी होत जातं आणि कोबाल्टचे हायड्रॉक्साइड खाली बसायला लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या कोबाल्टला दोनवरून तीनवर नेणं फार अवघड आहे. तिथला क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन परत ओढून घेण्याच्या ओढीचं माप, १.८ व्होल्टच्या वर आहे. असा तीन भारांचा कोबाल्ट पाण्यात टिकत नाही, तो पाण्याचंच ऑक्सिडेशन करतो. भोवती सहा अमोनिया आले की तोच आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. म्हणजे जे काम पाण्यात तीव्र ऑक्सिडीकारकालाही जड जातं, ते नायट्रोजनच्या सोबतीनं साधी हवा करते. नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी पाण्यातल्या ऑक्सिजनपेक्षा मोकळ्या हातानं देतो आणि तीन भारांच्या कोबाल्टला तीच हवी असते. पंप लावून बसले असताना हे मला पहिल्यांदा खरं कळलं. नायट्रोजन लिगंडवर (लिगंड म्हणजे धातूला धरणारा रेणू किंवा आयन) एवढं संशोधन का होतं, याचं उत्तर त्या बीकरमध्ये होतं.

ऑक्सिडेशन झालं की द्रावण वॉटर बाथवर आटवायचं. पृष्ठभागावर पापुद्रा धरायला लागला की थांबायचं, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोल घालायचं आणि थंड होऊ द्यायचं. नारिंगी-पिवळ्या सुया खाली बसतात. बुकनर फनेलवर गाळून अल्कोहोल आणि ईथरनं धुतल्या की सुंदर कोरडी पूड मिळते.

आता प्रश्नोत्तरं सुरू. पहिला प्रश्न: क्लोराइड कुठं आहे? आयनला धरून, की बाहेर मोकळं? थंड द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं की तीनही क्लोराइड लगेच सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसले. तुलनेसाठी मॅडमनी कपाटातली एक हिरवी बाटली दिली. त्यात ट्रान्स डायक्लोरो होतं, म्हणजे दोनच ईएन आणि धातूला थेट धरलेले दोन क्लोराइड. त्याच्या ताज्या थंड द्रावणात एकच क्लोराइड खाली बसलं. दोन परीक्षानळ्या शेजारी-शेजारी धरल्या की फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. एकीत दाट दही, दुसरीत विरळ.

दुसरी साक्ष विद्युतवाहकतेची. हजारांश मोलर द्रावणाची मोलर वाहकता ४००च्या थोडी वर आली. चार आयन देणाऱ्या क्षाराची ती श्रेणी आहे. तीन आयन देणारा क्षार साधारण २५०च्या आसपास राहतो. म्हणजे तीन क्लोराइड आणि एक तीन भारांचा धन आयन. आल्फ्रेड वेर्नर आणि आर्तुरो मिओलाती या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३च्या सुमारास हेच केलं होतं: कोबाल्टच्या अमोनिया-संयुगांची वाहकता मोजून किती आयन सुटतात ते ठरवलं. तोवर चलती होती योर्गेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाच्या साखळी सिद्धांताची. त्यात अमोनियाचे रेणू एकमेकांना जोडून धातूपासून लांब साखळ्या जात. वाहकतेचे आकडे त्या साखळ्यांशी जुळले नाहीत.

गूय तराजूवरची, म्हणजे चुंबकाचा परिणाम वजनातून मोजणाऱ्या तराजूवरची, साक्ष मला सगळ्यात आवडली. नमुन्याची नळी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लटकवली आणि विद्युतप्रवाह सुरू केला की वजन किंचित कमी झालं. पदार्थ चुंबकानं बाहेर ढकलला, म्हणजे एकही एकटा इलेक्ट्रॉन नाही. तीन भारांच्या कोबाल्टकडे सहा डी-इलेक्ट्रॉन असतात. भोवती फ्लोराइड असते तर त्यातले चार एकटे राहिले असते. ईएनच्या नायट्रोजनचं क्षेत्र इतकं जोरदार आहे की सहाही खालच्या तीन कक्षकांत जोड्या करून बसतात. दृश्य-अतिनील वर्णपटात ४६७ आणि ३३९ नॅनोमीटरच्या आसपास दोन रुंद शिखरं मिळाली. पहिलं शिखर निळा प्रकाश खातं, म्हणून पूड नारिंगी.

हे सगळं वहीत मांडून मी मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "सहा नायट्रोजन आहेत हे पटलं. पण ते अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर आहेत, हे यातलं नक्की काय सांगतंय?"

काहीच सांगत नव्हतं. अष्टफलकाला, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंच्या आकाराला, सहा कोपरे असतात खरे, पण सहा नायट्रोजन एका सपाट षटकोनातही बसू शकतात. त्रिकोणी प्रिझमच्या सहा कोपऱ्यांवरही बसू शकतात. सिल्व्हर नायट्रेटला, वाहकतेला, तराजूला या तीन आकारांमधला फरक कळत नाही. वर्णपट अष्टफलकाशी जुळतो खरा, पण जुळणं आणि बाकीचे पर्याय खोडून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेर्नरपुढे नेमका हाच पेच होता. त्यानं आधी समघटक, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी असलेले प्रकार, मोजले. चार एका जातीचे आणि दोन दुसऱ्या जातीचे गट असतील तर षटकोनात तीन समघटक होतात, प्रिझममध्येही तीन, अष्टफलकात दोनच. प्रयोगात दोनच सापडत होते. पण तिसरा अजून कुणाला मिळाला नसेल, एवढीच शक्यता विरोधकांना पुरेशी होती. न सापडलेली वस्तू हा पुरावा होत नाही. त्याला सापडणारी वस्तू हवी होती, आणि ती ईएननं दिली. तीन ईएन सपाट षटकोनात बसवले तर तो रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकच असतं. प्रिझमच्या तीन उभ्या कडांवर बसवले तरी तसंच. अष्टफलकात मात्र ते छतावरच्या पंख्याच्या तीन पात्यांसारखे एकाच बाजूला कललेले बसतात, आणि डावीकडे कललेला पंखा कसाही फिरवला तरी उजवीकडे कललेला होत नाही. म्हणून आपल्या कॉम्प्लेक्सचे डावा आणि उजवा असे दोन प्रकार वेगळे करता आले, तर ते दोन्ही आकार बाद होतात. वेर्नरच्या झ्युरिकमधल्या प्रयोगशाळेत व्हिक्टर किंग या विद्यार्थ्यानं १९११ मध्ये दोन ईएन असलेल्या एका कोबाल्ट संयुगाचे असे दोन हात वेगळे केले. १९१२ मध्ये वेर्नरनं तीन ईएनवाल्याचे केले, आणि १९१३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तरीही काही जण म्हणत राहिले की ही किमया ईएनमधल्या कार्बनची असेल. १९१४ मध्ये त्यानं कार्बनचा एकही अणू नसलेल्या हेक्झोल या कोबाल्ट संयुगाचेही दोन हात वेगळे करून दाखवले. मला या माणसाच्या चिकाटीबद्दल अतिशय आदर वाटतो.

तर मलाही हात वेगळे करायचे होते.

दोन प्रतिबिंबी रेणूंची विद्राव्यता, वितळणबिंदू, रंग, सगळं सारखं असतं. ते वेगळे करायला तिसरा एक हात असलेला रेणू लागतो. त्याच्याशी क्षार केला की डाव्याचा आणि उजव्याचा क्षार एकमेकांची प्रतिबिंबं राहत नाहीत आणि त्यांची विद्राव्यता वेगळी होते. हा तिसरा रेणू म्हणजे टार्ट्रेट. चिंचेतलं मुख्य आम्ल तेच, आणि निसर्ग ते एकाच हाताचं बनवतो. लुई पाश्चरनं १८४८ मध्ये डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं वेचून वेगळे केले, ते टार्टारिक आम्लाच्याच एका क्षाराचे.

या बॅचसाठी क्लोराइडऐवजी कोबाल्ट सल्फेट घेतलं, कारण पुढं बेरियम टार्ट्रेट घालायचं होतं. त्यातलं बेरियम द्रावणातल्या सल्फेटला घेऊन खाली बसतं आणि द्रावणात टार्ट्रेट उरतं. सुमारे १४ ग्रॅम सल्फेट, ईएन, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोबत सक्रिय कोळशाची पूड. कोळशामुळे लिगंडची अदलाबदल लवकर होते आणि अर्धवट कॉम्प्लेक्स उरत नाहीत. पंप पुन्हा चार तास. मग मॅडमनी बजावलं, "आता कोळसा पूर्ण गाळून काढ. एक कणही ठेवून पुढं तापवू नकोस." कारण तापवलेल्या द्रावणात हाच कोळसा डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करत राहतो. एरवी तीन भारांचा कोबाल्ट आपले नायट्रोजन सहज सोडत नाही. त्याच्या या हट्टामुळेच दोन हात वेगळे राहू शकतात. कोळशाच्या पृष्ठभागावर तो हट्ट सुटतो.

बेरियम सल्फेट गाळणं हा या कामातला खरा कष्टाचा भाग. अवक्षेप इतका बारीक असतो की साध्या फिल्टर पेपरमधून दुधासारखा खाली येतो. द्रावण बेरियम टार्ट्रेटसोबत अर्धा तास गरम ठेवलं की कण थोडे मोठे होतात. मग जाड पेपर, गरम गाळण, आणि तरी पहिला गाळ पुन्हा वर ओतायचा. लॅबमधले मामा माझ्याआधी कितीतरी बॅचेस पाहिलेले; त्यांनी फनेल आधी उकळत्या पाण्यानं तापवून दिलं, त्यानं फार फरक पडला. नाहीतर गार फनेलवरच स्फटिक धरायला लागतात. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी, म्हणून धुवण वेगळ्या बाटलीत.

गाळलेलं द्रावण आटवून झाकून ठेवलं. रात्रीतून तळाशी मोठे, चकचकीत नारिंगी स्फटिक धरले होते, नुसत्या डोळ्यांनी कडा मोजता येतील असे. क्लोराइडच्या सुयांशी त्यांचं काही साम्य नव्हतं. त्यात एक कॉम्प्लेक्स आयन, एक क्लोराइड, एक टार्ट्रेट आणि पाण्याचे पाच रेणू असतात. हा कमी विरघळणारा हात. दुसरा वरच्या द्रावणात.

स्फटिकांचं काम झालं की टार्ट्रेट काढून टाकायचं, कारण हात असलेले रेणू ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतात, टार्ट्रेट स्वतःही फिरवतं आणि मोजमाप बिघडवतं. ते गरम पाण्यात, थोड्या अमोनियासह विरघळवून सोडियम आयोडाइड घातलं आणि बर्फात ठेवलं की कॉम्प्लेक्सचं आयोडाइड खाली येतं. हे नुसत्या पाण्यानं धुवायचं नाही, विरघळून जातं. बर्फगार सोडियम आयोडाइडच्या द्रावणानं धुवायचं, मग अल्कोहोल, मग ॲसिटोन.

हे फिरणं मोजणारा पोलरिमीटर आमच्याकडे जुना, डोळ्यानं जुळवायचा होता. सोडियमचा दिवा, अंधारी खोली, आणि दुर्बिणीतल्या वर्तुळाचे दोन अर्धे एकसारखे उजळ होईपर्यंत चाक फिरवायचं. रंगीत द्रावण मोजताना प्रकाश पुरत नाही अशी तक्रार असते, पण आपलं कॉम्प्लेक्स निळा खातं आणि सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा सोडतं, त्यामुळे अडलं नाही. शंभर मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम, नळी दोन डेसीमीटरची. आधी नुसतं पाणी भरून शून्य पाहिलं, मग द्रावण भरलं. वर्तुळ तुटलेलं दिसलं. चाक उजवीकडे फिरवत गेले तसं ते जुळलं, १.७ अंशांवर. द्रावणाची तीव्रता आणि नळीची लांबी हिशेबात धरून विशिष्ट वलन अधिक ८५. शुद्ध पदार्थाचं ८९च्या आसपास असतं; गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक केल्यावर माझं ८८वर आलं.

त्या अंधाऱ्या खोलीत मी खूप वेळ बसले. प्रकाशाची पातळी फिरली होती, आणि टार्ट्रेट तर धुऊन गेलं होतं. ईएनचा रेणू एकटा असताना प्रकाश फिरवत नाही, कोबाल्टही नाही. मग फिरवतं कोण? फक्त मांडणी. तीन ईएन ज्या तऱ्हेनं कललेले आहेत, ती तऱ्हा. सपाट षटकोन गेला, प्रिझम गेला. एका काचेच्या नळीवरून आणि एका पिवळ्या दिव्यावरून रेणूचा आकार सांगता आला होता. मॅडमना आकडा सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "आता वजा आण."

वजा जास्त चिवट निघाला. वरच्या द्रावणात डावे-उजवे मिसळलेले असतात, फक्त एकाची बाजू जड. आयोडाइड करून मोजलं तर वलन वजा होतं खरं, पण जेमतेम निम्मं. इथं एक छान गोष्ट कामी येते: दोन्ही हात सम प्रमाणात असलेलं आयोडाइड शुद्ध हातापेक्षा कमी विरघळतं. पूड ३५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ढवळली की मिश्र भाग न विरघळता मागे राहतो आणि शुद्ध वजा द्रावणात जातो. गाळून, पुन्हा सोडियम आयोडाइड घालून स्फटिक केले आणि वजा ८७ आलं. दोन्ही पुड्या शेजारी ठेवल्या तर तोच रंग, तोच वर्णपट, तीच वाहकता.

यानंतरच टार्ट्रेटचा एक स्फटिक दुसऱ्या संस्थेत एक्स-रेसाठी पाठवला. तो निवडायला मी स्वतः गेले. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या थेंबात स्फटिक फिरवून पाहायचे, तडा नसलेला, एकसंध उजळणारा आणि एकसंध विझणारा घ्यायचा. तेलाचा आणखी एक फायदा असा, की स्फटिकातलं पाणी उडून जात नाही. मग बारीक कड्यावर उचलून थंड नायट्रोजनच्या झोतात.

रचना आली. कोबाल्ट मध्ये, सहाही नायट्रोजन १.९६ ते १.९८ अँगस्ट्रॉमवर. अष्टफलक, पण आदर्श नव्हे: एका ईएनचे दोन नायट्रोजन कोबाल्टपाशी ९० ऐवजी सुमारे ८५ अंशांचा कोन करतात, कारण मधली दोन कार्बनची साखळी तेवढीच लांब आहे. पाच अणूंचं प्रत्येक कडं सपाट नाही, पिळलेलं आहे. आणि नायट्रोजनवरचे हायड्रोजन टार्ट्रेटच्या ऑक्सिजनला बंधांनी धरून आहेत. एक हात टार्ट्रेटशी जास्त नीट जुळतो, म्हणून तो आधी खाली बसतो. फनेलपाशी जे गृहीत धरलं होतं, ते इथं अंतरांसकट दिसलं.

राहिला एकच प्रश्न, जो पोलरिमीटर सोडवू शकत नाही: अधिक ८८ वाला हात डावा की उजवा? साध्या एक्स-रे विवर्तनालाही तो सुटत नाही. १९५१ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूंच्या विसंगत विकिरणाचा वापर करून पहिल्यांदा एका रेणूचा खरा हात ठरवला, आणि तो रेणू टार्ट्रेटच होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानमध्ये योशिहिको साइतो यांनी त्याच पद्धतीनं याच कोबाल्ट आयनचा हात ठरवला. धातूच्या कॉम्प्लेक्समध्ये तो पहिलाच. अधिक वलनाचा हात लॅम्डा, म्हणजे डाव्या पिळाचा. माझ्या मोजमापात फ्लॅक पॅरामीटर शून्याला चिकटून आला, म्हणजे मांडलेला हात बरोबर, आणि तो लॅम्डाच. त्याच स्फटिकात टार्ट्रेटही होतं, आणि त्याचा हात बाइफूटांनी सांगितलेलाच निघाला, त्यामुळे निकालाला दुहेरी आधार मिळाला.

प्रबंध दिल्यावर माझ्याकडे मिश्र आयोडाइड बरंच उरलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून त्यातला वजा बाजूचा थोडा भाग पाण्यात घेऊन कोळशासोबत गरम ठेवला आणि मधूनमधून गाळून पोलरिमीटरवर पाहिला. वलन उतरत उतरत शून्यावर आलं. रंग आणि वर्णपट जागच्या जागी. कोळशाबद्दल मॅडमनी जे बजावलं होतं ते आता आकड्यांत होतं. त्याचा वक्र प्रबंधात जाऊ शकला नाही, तो आता पुढच्या कामात घेते आहे. तिथं ईएनच्या जागी एकाच हाताचं प्रोपिलीनडायअमीन आहे. त्या लिगंडला स्वतःचाच हात असतो, त्यामुळे लॅम्डा आणि डेल्टा (उजव्या पिळाचा हात) सुरुवातीपासूनच सम प्रमाणात यायला नकोत. पहिली बॅच पंपावर आहे.